शेड फेब्रुवारीत भरतं, आणि इन्क्युबेटरही फेब्रुवारीतच

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा तासगाव तालुक्यातला, वय २९, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. घरी पाच एकर द्राक्षबाग आणि बेदाण्याचं एक शेड आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि शेडवरचा अर्धा माल काळा पडला. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही. कॉलेजच्या एका मित्राबरोबर मी शेडमधली आर्द्रता आणि तापमान मोजणारा सेन्सर आणि मोबाइलवर इशारा देणारं ॲप बनवलं. आठ महिने गेले आणि दोघांचे मिळून ४ लाख ६० हजार रुपये खर्च झाले. ॲपचे १४ स्क्रीन तयार आहेत. घरचं शेड सोडून अजून एकाही शेडवर ते बसवलेलं नाही.

आता पुण्यातल्या एका इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेच्या, १२ आठवड्यांच्या कार्यक्रमात आमची निवड झाली आहे. तो फेब्रुवारी ते एप्रिल चालेल. मित्र म्हणतो, नोकरी सोडून तिथे जाऊ, इकोसिस्टीम, म्हणजे धंद्याला लागणारी भोवतालची माणसं आणि संस्था मिळतील, आणि लीन स्टार्टअपच्या पद्धतीनं, म्हणजे थोडं बनवून लोकांकडून शिकत जायच्या पद्धतीनं, आहे ते बाजारात सोडून देऊ, सुधारणा नंतर. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, अर्धवट माल लोकांच्या शेडवर बसवलास तर घराण्याचं नाव जाईल. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळे काहीच होत नाही. काय करू?

— तासगावचा एक वाचक

उत्तर

प्रिय भावा,

तू मला ताई म्हणालास, म्हणून मीही तुला अरे-तुरे करते.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले: घरचं शेड सोडून अजून एकाही शेडवर बसवलेलं नाही. नोकरी सोडायची का, पुण्याला जायचं का, आहे ते विकायचं का, हे तुझे तिन्ही प्रश्न या ओळीतून निघाले आहेत. म्हणून माझं मत आधीच सांगते. फेब्रुवारीत तू शेडवर असायला हवंस. इन्क्युबेटरला नाही म्हणू नकोस, पण पुढच्या तुकडीत घ्या असं विचार. नोकरी मे महिन्यापर्यंत सोडू नकोस. आणि ॲपला आजपासून एकही नवा स्क्रीन जोडू नकोस.

आता कारणं सांगते. पहिलं कारण तुझ्या घरच्या कॅलेंडरमध्येच आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्ष तयार व्हायला फेब्रुवारी उजाडतो. बेदाण्याची शेडं तेव्हापासून एप्रिलअखेरपर्यंत चालतात. एकदा भरलेलं शेड वाळून उतरायला साधारण पंधरवडा लागतो. म्हणजे एका शेडमध्ये एका हंगामात फार तर चार-पाच भरण्या होतात. तू ज्या क्षेत्रात नोकरी करतोस तिथे आज बदल केला की उद्या वापरणाऱ्यांचं वागणं दिसतं. लीन पद्धतीवर जे काही लिहिलं-बोललं गेलं, ते बहुतेक अशा धंद्यांतून आलं. बनवा, मोजा, शिका, पुन्हा बनवा, हे चक्र तिथे आठवड्यात फिरतं. तुझं चक्र वर्षात एकदा फिरतं. हा हंगाम पुण्यात सादरीकरणाच्या स्लाइड बनवण्यात गेला, तर पुढचा प्रयोग थेट पुढच्या वर्षी. एप्रिलअखेर व्यासपीठावर उभा राहून गुंतवणूकदारांना तू शेडबद्दल सांगशील, तेव्हा शेडं रिकामी झालेली असतील आणि सांगायला तुझ्याकडे आजच्याइतकंच असेल.

पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. एक शेड म्हणजे चार भरण्या, तर दहा शेडं म्हणजे चाळीस. वर्षात एकदा फिरणारं चक्र तू वेगानं फिरवू शकत नाहीस, पण एकाच वेळी दहा ठिकाणी फिरवू शकतोस. शेतीतल्या धंद्याला लीन पद्धत लावायची तर अशी लावावी लागते.

आता अप्पांचा मुद्दा. मी तो तुझ्या मित्राच्या मुद्द्यापेक्षा वजनदार मानते आणि गंमत म्हणजे लीनचा उगमही अप्पांच्या बाजूनं बोलतो. ही पद्धत आली टोयोटाच्या कारखान्यातून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले अभियंते तैइची ओनो यांनी ती घडवली, तेव्हा मूळ दुखणं पैशाच्या टंचाईचं होतं. अमेरिकी कंपन्यांसारखा हजारो नगांचा माल आधी बनवून गोदामात ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून मागणी आल्याशिवाय नग बनवायचा नाही, हा नियम केला. त्याच्याइतकाच पक्का दुसरा नियम होता: चालू लाइनवर दोष दिसला तर साध्या कामगारानंही दोरी ओढून लाइन थांबवायची. दोष पुढे जाऊ द्यायचा नाही. अर्धवट माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं या पद्धतीत कधीच बसत नव्हतं. पुढे १९८८ साली जॉन क्राफसिक या संशोधकानं या पद्धतीला लीन हे नाव दिलं आणि स्टार्टअपच्या जगात तो शब्द २०११ च्या सुमाराला एरिक रीस या अमेरिकी उद्योजकामुळे पसरला.

रीस यांची गोष्ट तुला मुद्दाम सांगते, कारण ती तुझीच आहे. २००४ साली त्यांनी काही जणांबरोबर आयएमव्हीयू नावाची कंपनी काढली. त्या काळी लोक इंटरनेटवर वेगवेगळ्या चॅट सेवा वापरायचे. त्या सगळ्यांना जोडता येईल असं त्रिमितीय बाहुल्यांचं सॉफ्टवेअर त्यांनी सहा महिने खपून लिहिलं. लोकांसमोर ठेवल्यावर कळलं की लोकांना जोडणी नकोच आहे. हजारो ओळींचा कोड फेकून द्यावा लागला. तो लिहिण्याआधी दहा माणसांना शेजारी बसवून विचारलं असतं तर तीच गोष्ट फार स्वस्तात कळली असती, हा त्यांना झालेला धडा. तू आठ महिने घालवलेस. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी यापेक्षा जास्त घालवले आहेत, ते पुढे सांगते.

तेव्हा आधी शंका काढू. तुझ्या यंत्रणेमागे किमान चार गृहीतकं आहेत आणि त्यातलं एकही तू तपासलेलं नाहीस. पहिलं, शेडवरचं मोठं नुकसान ओलाव्यामुळे होतं. दुसरं, शेतकऱ्याला ओलाव्याची खबर वेळेत मिळत नाही. तिसरं, खबर मिळाली तर त्याच्या हातात करण्यासारखं काही असतं. चौथं, त्यासाठी तो पैसे देईल. सेन्सर बरोबर मोजतो की नाही हे पाचवं, आणि तू आठ महिने फक्त पाचव्यावर घालवलेस.

मला सगळ्यात जास्त धास्ती तिसऱ्याची आहे. रात्री दोनला तुझ्या ॲपनं इशारा दिला. शेतकरी उठला, शेडवर गेला. पुढे काय? बाजूचे पडदे सोडेल, ताडपत्री ओढेल. पण आभाळ भरलेलं पाहून तेवढं त्यानं संध्याकाळीच केलेलं असतं. मग तुझ्या इशाऱ्यानं नवं काय झालं? की त्याची खरी अडचण उलटी आहे, म्हणजे पडदे सोडल्यावर आत कोंडलेला ओलावा बाहेर कधी काढायचा हे त्याला कळत नाही? तसं असेल तर तुझा माल इशारा नसून 'आता पडदे उघडा' हा निरोप आहे. १४ स्क्रीनचं ॲप लागतच नाही, एक फोन पुरतो. हे मी ठाम सांगत नाही, कारण ते माझ्यापेक्षा तुझ्या गावातल्या शेडवाल्यांना ठाऊक आहे. त्यांना विचारायचं काम तुझं.

आणि विचारायचं कसं, ते नीट ऐक. 'असं ॲप आलं तर घ्याल का?' असं विचारलंस तर तासगाव काय नि नाशिक काय, प्रत्येक जण 'छान आहे, घेऊ की' म्हणेल. आपल्याकडे घरी आलेल्या पोराला कुणी नाही म्हणत नाही. त्यातून तू अप्पांचा मुलगा. म्हणून पुढचं विचारू नकोस, मागचं विचार. गेल्या तीन हंगामांच्या पट्ट्या दाखवा म्हण. सौद्यात कुठला माल कुठल्या दरानं गेला, हे अडत्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. शेतकऱ्याशेजारी बसून एकेक पट्टी पाहा आणि विचार: हा दर का पडला? पाऊस? रंग? साखर उतरली नव्हती? मजूर मिळाले नाहीत म्हणून माल वेळेवर उतरला नाही? की माल चांगला असून बाजारच पडला होता? वीस घरच्या पट्ट्या पाहिल्यास की पहिल्या गृहीतकाचा निकाल लागेल, तोही एक रुपया न खर्चता. हे काम आता, जानेवारीअखेरपर्यंत होऊ शकतं. शनिवार-रविवार पुरेत.

आकडा कसा मांडायचा, ते एका उदाहरणानं सांगते. समज, एका शेडमधून एका भरणीत दोन टन बेदाणा निघतो, म्हणजे साधारण आठ टन द्राक्षं लागली. रंग बिघडल्यानं किलोमागे ३० रुपये कमी आले, तर नुकसान ६० हजार. हे चार भरण्यांतून एकदा होत असेल आणि तुझ्या निरोपानं त्यातलं निम्मं वाचत असेल, तर शेतकऱ्याला हंगामाला ३० हजारांचा फायदा. मग तो पाच-सहा हजार देईल. पण पट्ट्या पाहून कळलं की असं चार वर्षांतून एका भरणीला होतं, तर तोच फायदा वर्षाला साडेसात हजारांवर येतो आणि त्याला दोन हजारही जड वाटतील. यातले आकडे माझे कल्पित आहेत. तुझे पट्ट्यांवरून येऊ देत. यंत्राची किंमत या हिशेबात बसते का, हे त्यानंतर.

फेब्रुवारीत दहा शेडं घे. अप्पांचं त्यात धरू नकोस. तुमच्या भावकीतलीही दोनपेक्षा जास्त नकोत, कारण नातेवाईक खरं बोलत नाहीत. प्रत्येक शेडमध्ये बाजारात मिळणारं साधं आर्द्रतामापक टांग. शक्यतो दोन, एक खालच्या जाळीपाशी आणि एक वरच्या. कारण एकाच शेडमध्ये खाली आणि वर हवा सारखी नसते आणि तुझा एकच सेन्सर कुठे बसवायचा हाही प्रश्न सुटायचाच आहे. तुझे स्वतःचे सेन्सर चार-पाच शेडांत त्या मापकाशेजारी ठेव, म्हणजे कोण किती चुकतं ते कळेल. आकडे गोळा कर आणि निरोप मात्र स्वतः फोन करून दे. ॲप नको. फोनवर तुला जे कळेल ते ॲपमध्ये कधीच कळणार नाही: तो उठतो का, वैतागतो का, आधीच शेडवर आहे का, 'आज नको, पोरीचं लग्न आहे' म्हणतो का.

याआधीही लोकांनी हे असंच केलंय. अमेरिकेत १९९९ साली निक स्विनमर्न यांना इंटरनेटवर जोडे विकायचे होते. त्यांनी गोदाम भरलं नाही. गावातल्या दुकानांत जाऊन जोड्यांचे फोटो काढले, संकेतस्थळावर टाकले, आणि मागणी आली की दुकानातून पूर्ण किमतीत जोडा विकत घेऊन पाठवला. प्रत्येक विक्रीत तोटाच. पण न घालून पाहता लोक जोडे घेतात की नाही, या एका प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं. त्यातून झापोस ही कंपनी उभी राहिली. यात गिऱ्हाइकाला फसवलं कुठे? त्याच्या पायात जोडा पूर्णच पडला. अर्धवट होती ती मागची यंत्रणा, आणि तिचा त्रास धंदेवाल्यानं सोसला. अप्पांना हे असं समजावून सांग. शेतकऱ्याला तू वचन एकच दे, छोटं दे: रात्री ओलावा अमुकच्या वर गेला तर मी फोन करीन. ते मात्र पुरं पाळ. चाळीस रात्री पाळ. 'हा प्रयोग आहे, यंत्र चुकू शकतं, तुमची राखण तुम्ही सोडू नका' हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांग. असं सांगून केलेल्या कामानं घराण्याचं नाव जात नाही.

आणि पैसे घे. हंगामाचे ५०० रुपये घे, पण घे. फुकट दिलेल्या गोष्टीला कुणी नावं ठेवत नाही आणि तुला नावं ठेवून घ्यायची आहेत. दहापैकी किती जण ५०० रुपये काढून देतात, हे चौथ्या गृहीतकाचं पहिलं उत्तर.

आता जे सांगते ते सगळ्यात अवघड. हंगाम सुरू व्हायच्या आधी एका कागदावर लिही की काय घडलं तर हा विषय सोडून द्यायचा. उदाहरणार्थ: वीस घरच्या पट्ट्यांत ओलाव्याचं नुकसान पाचपेक्षा कमी घरी दिसलं तर. किंवा दहापैकी सहा शेडवाल्यांनी फोनवर काहीच हालचाल केली नाही तर. आकडे तू आणि मित्र ठरवा, खाली सही करा, आणि कागद अप्पांकडे ठेवायला द्या. इटलीत बोकोनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ११६ नव्या उद्योगांवर प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांना धंद्याचं सारखंच शिक्षण दिलं. फरक इतकाच की अर्ध्या लोकांना आपला अंदाज आधी स्पष्ट मांडायला आणि मग काटेकोरपणे तपासायला शिकवलं, शास्त्रज्ञ करतात तसं. त्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा बरी राहिली आणि गरज पडली तेव्हा त्यांनी कल्पना जास्त वेळा बदलली. पुढे तोच प्रयोग ७५९ उद्योगांवर केला. त्यात आणखी दोन गोष्टी दिसल्या. अशा शिकलेल्या लोकांनी फसलेली कल्पना जास्त प्रमाणात सोडून दिली. आणि दिशा बदलली ती थोड्याच वेळा: अजिबात न बदलणारेही ते नव्हते आणि दर महिन्याला बदलत बसणारेही नव्हते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. या पद्धतीचा पहिला फायदा यश हा नसून, जे चालणार नाही त्यात घराचे आणखी पैसे जात नाहीत, हा आहे. तुमचे ४ लाख ६० हजार गेलेत. ते ९ लाख होऊ नयेत, एवढीच आज माझी इच्छा आहे.

मी हे इतक्या कळकळीनं का सांगते, ते ऐक. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पॅकिंग मशीनचा छोटा कारखाना होता. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या खरेदीदारानं आमचं मशीन पाहिलं, दोनदा येऊन पाहिलं, 'उत्तम आहे, आम्हाला असंच हवं' म्हणाला. त्या शब्दावर आम्ही कर्ज काढून बारा मशीनं एकदम उभी केली, एकसारखी. त्याची खरेदीची ऑर्डर कधीच आली नाही. दुसऱ्यांना दाखवायला गेलो, तर प्रत्येकाला हॉपर, म्हणजे माल ओतायचं नरसाळं, वेगळा हवा, वजनाची रेंज वेगळी हवी. नऊ मशीनं उघडून पुन्हा बांधावी लागली. ते कर्ज फेडायला मला तीन वर्षं लागली आणि त्यात माझ्या बांगड्या गेल्या. एकच मशीन बनवून ते आळीपाळीनं चार गिऱ्हाइकांकडे आठ-आठ दिवस ठेवलं असतं तर? तेव्हा लीन हा शब्द मला माहीत नव्हता. माहीत असायची गरजही नव्हती, फक्त तेवढी सुबुद्धी हवी होती.

आता इकोसिस्टीम. हा शब्द तुझ्या मित्राच्या तोंडी खूप आहे, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही. एकटा माणूस हुशार असून भागत नाही, भोवतालची माणसं लागतात. पण ती भोवतालची माणसं नेमकं काय देतात, हे तपासून पाहायला हवं. चिली देशानं २०१० साली स्टार्टअप चिली नावाचा कार्यक्रम काढला. जगभरातून नवउद्योजक बोलावले, बिनपरतीचे सुमारे ४० हजार डॉलर आणि बसायला जागा दिली. त्यातल्या काहींना निवडून वेगळी शिकवणीही दिली, म्हणजे अनुभवी माणसांशी ठरलेल्या दिवशी बैठक, केलेल्या कामाचा हिशेब, पुढचं लक्ष्य. दोन संशोधकांनी नंतर तपासलं, आणि त्यांना दिसलं की नुसते पैसे आणि जागा मिळालेल्यांच्या कामगिरीत त्या मदतीमुळे फरक पडल्याचा पुरावा नाही. ज्यांना त्याबरोबर शिकवणी आणि जाब विचारणारी माणसं मिळाली, त्यांची कामगिरी मात्र ठळक सुधारली. तेव्हा इन्क्युबेटरला जाशील तेव्हा खुर्च्या, वायफाय, भिंतीवरची वाक्यं पाहू नकोस. एकच विचार: दर आठवड्याला मला जाब कोण विचारणार, आणि त्या माणसानं स्वतः काही यंत्र शेतकऱ्याला विकलं आहे का?

पैशाच्या बाजूनंही इन्क्युबेटरचं महत्त्व आहे, ते नाकारत नाही. केंद्र सरकारनं २०२१ साली ९४५ कोटींची स्टार्टअप बीजनिधी योजना सुरू केली, तिचे पैसे इन्क्युबेटरांमार्फतच द्यायची पद्धत ठेवली. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या रफ्तार कार्यक्रमातही शेतीतल्या नव्या उद्योगांना कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंत अनुदान कृषी-इन्क्युबेटरांच्या वाटेनं ठेवलं होतं. म्हणून अर्ज जरूर कर. पण चाळीस भरण्यांच्या नोंदी घेऊन केलेला अर्ज आणि १४ स्क्रीन दाखवून केलेला अर्ज, यातला कुठला उजवा ठरेल हे तुला मी सांगायला नको.

आणि पुण्याचीच इकोसिस्टीम म्हणशील, तर तुझ्यासाठीचं पुणे बाणेर-बालेवाडीच्या काचेच्या इमारतींत कमी आणि पुण्याजवळच्या मांजरी गावात जास्त आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिथे आहे. बेदाणा वाळताना कुठल्या टप्प्यावर किती ओलावा धोक्याचा, हे तू अंदाजानं ठरवलं आहेस ना? ते तिथल्या शास्त्रज्ञांना जाऊन विचार. या एका भेटीचा उपयोग तुला गुंतवणूकदारांपुढच्या दहा सादरीकरणांपेक्षा जास्त होईल. द्राक्ष बागायतदार संघाच्या सभांना जा, मागच्या रांगेत बसून नुसतं ऐक.

पण तुझी खरी इकोसिस्टीम तू सोडून आलास तिथे आहे. सांगली-तासगावच्या सौद्यात शेतकरी, अडते, व्यापारी, कोल्ड स्टोअरेजवाले, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं डिपिंग ऑइल विकणारे, हे सगळे एका आवारात भेटतात. असं आवार मिळावं म्हणून परदेशातली सरकारं पैसे ओततात. अ‍ॅनाली सॅक्सेनियन या अभ्यासिकेनं १९९४ साली दाखवून दिलं होतं की अमेरिकेत बोस्टनजवळचा जुना तंत्रज्ञान पट्टा मागे पडला आणि सिलिकॉन व्हॅली पुढे गेली, त्याचं एक मोठं कारण व्हॅलीतली माणसं एकमेकांशी सैल बोलायची, कंपन्या बदलायची, माहिती फिरत राहायची. बोस्टनकडे प्रत्येक कंपनी आपापल्या भिंतीत बंद होती. सौद्याच्या दिवशी चहाच्या टपरीवर जी माहिती फिरते ती याच जातीची. सेन्सरला धूळ, धुरी आणि पाणी सोसेल असा डबा लागेल, तोही पुण्याहून मागवू नकोस. कुपवाडला नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. ओतकामाचा साचा करणारा, ओतणारा, खराद चालवणारा, सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. एक नमुना घेऊन गेलास की 'हे असं केलंत तर निम्म्यात बसेल' असं सांगणारा मिस्त्री तिथे भेटतोच. माझी पहिली तीन मशीनं अशीच सुधारली.

तुझ्या तालुक्याला लागूनच पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घेईनात, लोखंडानं जमिनीत विष उतरेल अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला बराच काळ लागला. बेळगावात जागेची अडचण आली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, कर्ज दिलं, आणि १९१० साली तिथे कारखान्याची वसाहत उभी राहिली. औंधच्या राजाचा आधार ही त्या काळची इकोसिस्टीम. पण तो आधार मिळाला तेव्हा नांगर शेतात चालत होता, हा क्रम लक्षात घे.

इन्क्युबेटरला पत्र लिही, सरळ लिही: आमचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो, त्या काळात दहा शेडांवर चाचणी घेतोय, जूनच्या तुकडीत सामावून घेतलंत तर प्रत्यक्ष नोंदी घेऊन येऊ. जाणकार लोक असतील तर ते खूश होतील. आणि 'आता नाही तर कधीच नाही' म्हणाले, तर मित्रानं जावं आणि तू शेडवर राहावं, दर रविवारी एकमेकांना हिशेब द्यावा. तोही तयार नसेल, तर भागीदारीच्या कागदावर सही करण्यापूर्वी हे कळलं ते बरंच.

नोकरीचं म्हणशील, तर साहेबांशी बोलून हंगामापुरतं घरून काम मागून बघ. ओलावा रात्री आणि पहाटे चढतो, तुझं ऑफिस त्यानंतर सुरू होतं. झोपेचे हाल होतील, ते मान्य. पण पगार चालू असताना माणूस नकार शांतपणे ऐकू शकतो. हप्ते डोक्यावर असले की प्रत्येक 'नाही'ला 'हो' ऐकायची सवय लागते आणि मग कुठलीच चाचणी खरी राहत नाही. घरात बायको-मुलं असतील तर त्यांना विचारल्याशिवाय बचतीतला पुढचा रुपया काढू नकोस. पत्रात तू त्यांचा उल्लेख केला नाहीस, म्हणून सांगते.

मे महिन्यात, खरड छाटणी उरकली की मला पुन्हा लिही. मला तीन आकडे हवेत: किती पट्ट्या पाहिल्यास, किती रात्री फोन केलेस, आणि फोननंतर किती वेळा शेडचा पडदा खरोखर हलला. आणि पहिली दहा शेडं कुणाची घ्यायची, ते आज रात्री अप्पांना विचार. कुणाचं शेड खोलगट जागी आहे, कुणाचा माल दरवर्षी रंगाला कमी उतरतो, कोण तोंडावर खरं बोलतो, ही यादी त्यांच्याकडे तयार असेल.

तुझी ताई